डाव्या हाताचा घास

आमच्या शेजारचे जाधव सर तुम्हाला कधी भेटले, तर दोन्ही हात मोकळे ठेवा. हा माणूस कुठलीही वस्तू हातात देत नाही, फेकतो. लिंबू मागा, कुंपणावरून लिंबू येतं. किल्ली मागा, किल्ली येते. एकदा मी विरजण मागितलं, तेव्हा सर दोन पावलं मागे सरले आणि मी चटकन खाली वाकले. पण तेवढं त्यांनी वाटीतून नीट आणून दिलं. फेकताना ते "झेला ताई!" असं ओरडतात खरे, पण वस्तू हवेत सुटल्यावर. सिडकोतल्या आमच्या गल्लीत भाजीवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांना आता झेलता येतं. फक्त माझ्या यजमानांना येत नाही. त्यांच्या चष्म्याची काच आम्ही एकदा बदलून घेतली.

सर कन्नड तालुक्यातल्या पिशोरचे. शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं. त्या अख्ख्या विषयातली त्यांची लाडकी जागा एकच, दोन चेतापेशींच्या मधली फट.

"ह्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, ताई. मधी फट असती. केसापरीस किती तरी बारीक, पण असती. इजेसारखा निरोप पळत पळत काठापर्यंत येतो अन् तिथं खुंटतो. पुढं उडी मारता येत नाय त्याला. मंग काय करायचं?" असं विचारून ते आपल्याकडे अशा नजरेनं बघतात, की ती फट जणू आपणच पाडली आहे. उत्तराची वाट न बघता मग तेच सांगतात, "फेकायचं! रसायन फेकायचं पलीकडं!"

वर्गातही ते फेकूनच शिकवायचे. हिवाळ्यात बोरांची पिशवी घेऊन जायचे. मुलांच्या दोन रांगा करायचे आणि मधे जागा ठेवायचे. पहिल्या रांगेतली मुलं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत निरोप पुढे आणायची. थाप काठावरच्या मुलाला पोचली, की त्यानं बोरं पलीकडे फेकायची. पलीकडच्यानं ती ओंजळीत झेलायची आणि पाठोपाठ बरीच बोरं आली, तरच आपल्या पुढच्याच्या पाठीवर थाप द्यायची. एखाददुसऱ्या बोरानं हलायचं नाही. मधेच सर कुणाच्या तरी हातात चिंचा द्यायचे. चिंच आली, तर मात्र थाप अजिबात द्यायची नाही, कारण काही निरोप 'गप बस' असेही असतात. आणि झेललेलं लगेच खाऊन टाकायचं. "ओंजळ रिकामी नाय केली, तर पुढचा निरोप काय डोक्यावर झेलतो का रे? सुटलं, पोचलं, संपलं!" शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई बोरांच्या बिया घेऊन प्राचार्यांकडे गेल्या होत्या म्हणतात. सरांनी पुढच्या वर्षी पुन्हा बोरं आणली.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, सिंधूकाकूंना अर्धांगाचा झटका येईपर्यंत.

सिंधूकाकू म्हणजे सरांच्या पत्नी. गंगापूरकडच्या. बोलायला फटकळ, वाढायला सढळ. झटक्यानंतर त्यांचा पाय हळूहळू चालता झाला, जीभही जड का होईना पण वळायला लागली. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. काकूंनी कुरकूर केली नाही. त्यांनी फक्त माणसांत जेवणं सोडलं. डाव्या हातानं घास घ्यायचा आणि तो चारचौघांनी बघायचा, हे त्यांना सोसेना. "लोकांम्होरं डाव्या हातानं? मी नाय जेवायची," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. लग्नं सुटली, हळदीकुंकू सुटलं. पुढं पुढं त्या स्वयंपाकघराचं दार लोटून एकट्याच जेवायला लागल्या. लग्न झाल्यापासून सर आणि काकू समोरासमोर बसून, भांडत भांडत जेवलेले. आता सर बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर ताट घेऊन बसायचे आणि टीव्ही बंद असायचा. मी खिडकीतून बघायचे आणि मला फार वाईट वाटायचं.

सर हटले नाहीत. तो हात परत ताटापर्यंत न्यायचाच, असं त्यांनी ठरवलं. "मेलेल्या पेशी परत येत नायत, ताई. पण शेजारच्या असतात ना! त्या नव्या फटी धरतात, नव्या वाटा पाडतात. फक्त निरोप फेकत राहायला पाहिजे. एकदा फेकून नाय भागत. रोज. लई येळा."

झालं. रोज सकाळी काकू पोर्चमधल्या खुर्चीत आणि सर फाटकापाशी. फेकायला मोज्यांचे गोळे. गोळा काकूंच्या खांद्याला लागायचा, पदरात पडायचा, कुंडीत जायचा. सर तो उचलून पुन्हा फेकायचे. काकू त्यांच्याकडे असं बघायच्या, की मी सरांच्या जागी असते तर पिशोरला पळून गेले असते. मग एक दिवस काकूंनी गोळा झेलला. सर नाचायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की झेलला तो डाव्या हातानं. त्यानंतर काकू सगळेच गोळे डाव्या हातानं झेलायला लागल्या, तेही सरांकडे न बघता.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. ती म्हणाली, "सर, डावा हात सगळं करतोय, म्हणून उजवा आळशी झालाय. उजव्याला काम पडलंच नाही, तर मेंदू त्याला निरोप धाडणं कमी करतो. दिवसातले काही तास डाव्या हातावर मोजा चढवून ठेवायचा. मग उजव्याला हलावंच लागेल."

सरांना हे इतकं पटलं, की त्यांनी जुन्या गोधडीचा एक तुकडा कापून स्वतःच हातमोजा शिवला. शिवण अशी, की आत हात गेला तर बाहेर यायची खात्री नाही. काकूंनी तो चढवून घेतला, क्षणभर बघितला, दातांनी ओढून काढला आणि कुंपणावरून आमच्या अंगणात भिरकावला. "एक गेला, दुसराबी बांधा आता," म्हणाल्या आणि आत गेल्या. सर कुंपणापाशी आले. मी हातमोजा त्यांच्या हातात दिला, फेकला नाही. तो उलटसुलट बघत ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर हातमोजा सरांच्या हातात चढलेला. उजव्या.

"भाजलं का काय, सर?"

"नाय हो. तिला एकटीलाच कसं शिकायला लावू? मीबी शिकू राहिलो."

सरांचं शिकणं गल्लीला महागात पडलं. डाव्या हातानं ते जे काही फेकायचे, ते कुठेही जायचं. दाढी अर्धी व्हायची. सदऱ्याचं वरचं बटण खालच्या काजात. काकू दारातून बघायच्या, कपाळाला आठी घालायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, "बाबा, हा काय तमाशा?" सर म्हणायचे, "चालू दे."

अशातच कॉलनीच्या मारुतीचा भंडारा आला. मंदिर सरांच्या घरासमोरच, त्यामुळे पंगत रस्त्यावर, थेट त्यांच्या फाटकापर्यंत. मी वरणाची बादली घेऊन वाढत होते. काकू नेहमीप्रमाणे आत. फाटकाजवळच्या शेवटच्या पत्रावळीवर सर येऊन बसले, हातमोज्यासकट, आणि सगळ्यांदेखत त्यांनी डावा हात भातात घातला.

पंगतीतल्या माना वळल्या. पुरी काही एका हातानं तुटेना, तेव्हा सरांनी ती अख्खीच तोंडात कोंबली. वरण कोपरापर्यंत ओघळलं, मग सदऱ्यावर आलं. पाचोडहून लेकीकडे आलेले एक म्हातारे बाबा समोर बसले होते, त्यांना राहवेना.

"ओ मास्तर, देवाचा परसाद हाय! डाव्या हातानं खातेत व्हय?"

"उजवा आजारी असला, तर माणसानं उपाशी ऱ्हायचं का, बाबा?" सर मोठ्यानं म्हणाले. इतकं मोठ्यानं, की ते बाबांसाठी नव्हतं हे मलासुद्धा कळलं. "का दाराआड जाऊन खायचं? मला नाय गोड लागत एकट्याला. लई दिवस झाले, मला जेवणच गोड लागंना."

म्हाताऱ्या बाबांनी मान खाली घातली. सर पुन्हा भात कालवायला लागले. घास तोंडापर्यंत जाईपर्यंत अर्धा सांडत होता.

फाटक वाजलं. भिंतीचा आधार घेत काकू बाहेर आल्या. किती तरी महिन्यांनी त्यांना रस्त्यावर बघितलं. मी बादली ठेवून धावले, तर त्यांनी मानेनंच 'नको' म्हटलं. फाटकाला धरून, आपल्या आपण त्या सरांच्या समोर खाली टेकल्या. त्यांच्याकडे बघत राहिल्या, दाढीकडे, बटणांकडे, सदऱ्यावरच्या वरणाकडे.

"काय ध्यान करून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "मी काय मेले का?"

आणि हात पुढे केला. सदऱ्यावरचं वरण निपटायला. डाव्या हातात फाटकाची कड घट्ट धरलेली होती, म्हणून असेल, की त्या क्षणी त्यांच्या मनात हातांचा विचारच नव्हता, म्हणून असेल. मला माहीत नाही. पुढे आला तो उजवा हात. थांबत, अडखळत, पत्रावळीवरून वर येत तो सरांच्या छातीपर्यंत पोचला आणि दोन बोटं बटणात अडकून राहिली.

काकूंना अजून कळलं नव्हतं. सरांना कळलं होतं. ते काही ओरडले नाहीत. घास गालात तसाच धरून, डोळे मिटून, अगदी हलकेच श्वास घेत बसून राहिले. जरा हलले असते, तर ती बोटं निसटली असती.