यंत्रणेनुसार आई तृप्त

आमच्या घरात कोणाला किती बोलू द्यायचं, हे हल्ली कॅलेंडर ठरवतं. भिंतीवरचं नव्हे, ते बिचारं नुसत्या तारखा सांगतं. हे माझ्या मुलाच्या कामातलं कॅलेंडर. तो एक चिप बनवतो. तिच्यातून माहितीची पाकिटं भन्नाट वेगाने धावतात. पाठवणारा एक आणि घेणाऱ्या वाहिन्या अनेक. म्हणून कोणी कितव्या पाळीला आपली स्थिती कळवायची, याचा क्रम आधीच ठरवून ठेवतात. त्या क्रमाचं नाव कॅलेंडर. पाळी आली की तीनपैकी एकच उत्तर द्यायचं: उपाशी, अर्धपोटी किंवा तृप्त. उपाशी असेल त्याला भरपूर पाठवायचं, अर्धपोटीला बेताने, तृप्ताला बंद. चांगल्या वाढप्याला हे चिपशिवाय कळतं, पण ते असो.

"तुम्ही घरात कोणाकडे बघतच नाही," असं सूनबाई एकदा त्याला म्हणाली. मुलाने ही तक्रार तांत्रिक मानली आणि ही पद्धत जेवणाच्या टेबलावर लागू केली. क्रम असा: सून, मी, सुनेचे वडील म्हणजे माझे व्याही, आणि शेवटी नात. एकेकाने एकच शब्द बोलायचा, तो त्याच क्रमाने मुलाच्या फोनमध्ये जायचा आणि त्यानुसार त्याच्या वेळेचं वाटप व्हायचं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधली. आमच्या वेळी बोर्डवर दिवा लागला की दोरी खुपसायची आणि "बोला" म्हणायचं. शेजारच्या खुर्चीवर घंटी बसायची. खणखणीत आवाजामुळे तिचं नाव घंटी पडलं होतं. उमेदीची सगळी वर्षं आम्ही कोपराला कोपर लावून काढली. आता ती रविवारी लेकीकडे परदेशी निघाली होती, कायमची. मला तिला एकदा डोळे भरून बघायचं होतं. गुडघ्यांमुळे जिना एकटीने उतरता येत नाही आणि गाडी फक्त मुलगा चालवतो. म्हणून पहिल्याच दिवशी मी ठणकावून म्हणाले, "उपाशी!"

मुलाने फोन पाहिला आणि बायकोला सिनेमाला घेऊन गेला.

सून "अर्धपोटी" म्हणाली होती. पण शहाणी बाई; मुकाट्याने पर्स उचलून निघाली.

दुसऱ्या दिवशी मी आणखी मोठ्याने ओरडले. सुनेला आणखी मोठा सिनेमा मिळाला. नात "उपाशी" म्हणाली, तर मुलाने व्याह्यांना बागेत नेऊन घसरगुंडीवर बसवलं. नातीला काहीच नाही. तिच्या जागी उत्तरच पोचलं नव्हतं, आणि नियम असा की उत्तर न आल्यास तृप्त समजावे.

"अरे, मी उपाशी आहे!"

"आई, इथे तू तृप्त दिसतेस."

"मी तुझ्यासमोर उभी आहे ना?"

"समोर उभं राहणं हे अधिकृत माध्यम नाही."

शुक्रवारी व्याही कोपर चोळत माझ्याजवळ आले. "विहीणबाई, आपली नात उपाशी म्हणाली की मी घसरगुंडीवर. तुम्ही म्हणालात की माझी लेक सिनेमाला. प्रत्येकाचं उत्तर एक घर वर सरकतंय. म्हणजे तुमचं नशीब माझ्या तोंडात आहे, आणि मी रोज 'तृप्त' म्हणतोय."

"मग उद्या तोंड उघडा की!"

"उघडतो. पण तुम्ही 'तृप्त' म्हणा. नाहीतर लेकही उपाशी ठरेल आणि तिचा नंबर आधी."

सून म्हणाली, "म्हणाच, आई. आणखी एक सिनेमा बघितला तर डोळे बाहेर येतील माझे."

शनिवारी ठरल्याप्रमाणे झालं. मी साळसूदपणे म्हणाले, "तृप्त." व्याही गरजले, "उपाशी!" मी चपला घालूनच बसले होते.

मुलाचा चेहरा उजळला. "जमलं! कॅलेंडरच्या सुरुवातीला मी स्वतःलाच मोजलं होतं. ऑफिसातही तीच चूक. आठवडाभर रिकाम्या वाहिन्या भरलेल्या दिसत होत्या. दुपारी दोन्हीकडे दुरुस्त केलं. आता ज्याचं उत्तर त्याच्याच नावावर. आई तृप्त, छान! बाबा, चला घसरगुंडीवर!"

"अरे, ते खोटं होतं! मला घंटीकडे जायचंय, ती उद्या चाललीय!"

"आई, यंत्रणा चुकत होती तोवर तुझी तक्रार समजण्यासारखी होती. आता यंत्रणा बरोबर आहे."

"मग चूक कोण?"

तो फार प्रेमाने हसला.

"माझी पाळी विहीणबाईंना द्या," व्याही म्हणाले.

"हस्तांतरणाची सोय नाही, बाबा." आणि तो त्यांना दंडाला धरून घेऊन गेला.

रविवारी घंटीचा विमानतळावरून फोन आला. मागे गलका होता आणि घोषणा चालू होत्या. "कशी आहेस गं?" तिने विचारलं. सांगायचं खूप होतं. पण रांग पुढे सरकत होती, तिला घाई होती.

"मजेत," मी म्हणाले.

हसताय? काल जिन्यात शेजाऱ्याने "कसं काय?" म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? आणि तो उत्तरासाठी कितव्या पायरीवर थांबला होता?