चौगुले काकांचा रकाना

तुमच्या सोसायटीत भिंती कशावरून सरकतात? इचलकरंजीच्या पारिजात सोसायटीत त्या रहिवाशांच्या तक्त्यावरून सरकतात. हेमलता मुळगुंद घरच्या संगणकावर प्रोग्रॅम चालवून तक्ता छापते आणि जिन्याखालच्या फलकावर लावते. सकाळपर्यंत प्रत्येक घर आपल्या रकान्याएवढं रुंद होतं. रकाना त्यातल्या सर्वांत लांब ओळीएवढा. कागद मात्र तेवढाच, म्हणून एक घर पसरलं की शेजारचं आवळतं.

शेजारचे चौगुले काका निवृत्त झाले, तेव्हा हेमलतेने भिडेखातर त्यांच्या नावापुढे ‘निवृत्त शाखा अभियंता’ लिहिलं. भिंत सरकून अण्णांच्या खाटेला टेकली. अण्णा तिचे सासरे, अर्धांगाने पडून. त्यांना दोन्ही बाजूंनी धरून कुशीवर वळवावं लागे. आता एकीकडून हात जाईना आणि पाठ लाल होऊ लागली.

त्यातच काका पुन्हा आले. “वहिनी, रविवारच्या सत्कारात मला ‘समाजभूषण’ म्हणाले. तेवढं राहिलंय बघा.”

“काका, आणखी लिहिलं तर अण्णांची खाटच मावणार नाही.”

“मग तुमचं नाव कापा की थोडं!”

“खालच्या पाटण्यांचं कापलं होतं, तर त्यांची गॅलरी गेली. अजून कपडे आमच्याकडं वाळत घालतात.”

काका ओशाळले, पण उठले नाहीत. “नुसतं नाव बघून लोक म्हणतील, हा कोण होता?”

ते गेल्यावर हेमलता संगणकासमोर बसली. लिहिलं, पुसलं. उठून खाटेमागे हात घालून पाहिला. पुन्हा बसली. पोळीचा तवा तसाच तापत राहिला.

“हेमा,” अण्णा म्हणाले, “भिंत गार लागतीय गं.”

तिने तवा उतरवला आणि काकांची ओळ मोडली. नाव वर, हुद्दा खाली, त्याखाली ‘समाजभूषण’. रकाना निम्म्यावर आला. वाचलेली जागा तिने आपल्या रकान्याला दिली. आडवी रांग तेवढी उंच झाली, आणि रांग म्हणजे अख्खा मजला.

“तीन ओळी!” फलकासमोर काका हरखले. “बाकीच्यांना एकेकच की ओ!”

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलतेने अण्णांना भिंतीच्या बाजूने धरून कुशीवर वळवलं. छत तिप्पट उंच गेलं होतं, आणि शेजारी चौगुले काका अरुंद खोलीत उभे राहून पंख्याचं वारं खाली येण्याची वाट पाहत होते.