ताकासकट निवाडा

गुरुसिद्ध अण्णांपुढं भांडण नेलं की ते पहिल्यांदा म्हणतात, "शिवी दिली म्हणता? मग पुन्हा द्या की." माणूस लाजला, तर वर विचारतात, "त्या दिवशी लाजला न्हाईत, मग आजच काय झालं? सांगू नगा. करून दाखवा."

अण्णा कामगार कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. आता उमरग्यात एकटेच राहतात आणि आसपासच्या कारखान्यांतल्या तंट्यांत लवाद म्हणून बसतात. कामगार आणि मालक, दोघांनी आधी लिहून द्यायचं की अण्णा सांगतील तो निकाल. कागदावर मात्र त्यांचा स्वतःचा काडीचा विश्वास नाही. "जन्मभर कागद वाचले, अक्का," ते मला म्हणाले होते, "कागदावर समदीच माणसं शुद्ध बोलतेत. तितंच खोटं सुरू होतंय." एखादी गोष्ट पटली नाही, की त्यांच्या तोंडून कन्नड बाहेर पडतं, "हौदा?" म्हणजे 'असं का?' एवढंच. पण ते असं लांबवतात, की भल्याभल्यांना आपली साक्ष बदलावीशी वाटते.

मी हायवेवरच्या एका डेअरीत आस्थापना विभागात आहे. आमच्या निवृत्तीमामांना कामावरून काढलं, तेव्हा त्यांची फाइल घेऊन मलाच अण्णांकडं जावं लागलं. मामा दही-ताक विभागातले सगळ्यांत जुने कामगार. त्यांनी सुपरवायझर अक्षयच्या डोक्यावर ताकाचा भरलेला जग ओतला होता, वर शिवी हासडली होती, आणि तीही भर पाळीत, बायामाणसांसमोर. चौकशी झाली, गैरवर्तन शाबीत झालं, मामा बडतर्फ झाले. युनियन म्हणाली, अन्याय. कंपनी म्हणाली, शिस्त.

अण्णांच्या अंगणात सतरंजीवर आम्ही बसलो. मॅनेजर साहेब, युनियनचा माणूस, मामा, अक्षय आणि मी. शेजारच्या गच्चीवर दोन बायका वाळवण राखायच्या निमित्तानं येऊन उभ्या राहिल्या. त्यांना अण्णांच्या घरची करमणूक ठाऊक असावी.

मी अहवाल वाचायला घेतला. "सदर कामगाराने वरिष्ठांच्या अंगावर द्रव पदार्थ ओतून..."

"द्रव पदार्थ? हौदाऽ?"

"ताक, अण्णा."

"मग ताक म्हणा की. साधं का मसाल्याचं?"

"मसाल्याचं," अक्षय खाली बघत म्हणाला.

"मिरची डोळ्यात गेली आसंल."

"व्हय."

आमच्या अख्ख्या चौकशीत हे कुणी विचारलं नव्हतं.

अण्णा आत जाऊन ताकानं भरलेला तांब्या घेऊन आले. "आता करून दाखवा. पण उलटं. मामा, तुमी सुपरवायझर व्हा. पोरा, तू मामा हो."

मॅनेजर साहेब घाबरून म्हणाले, "अण्णा, पाणी घेतलं तर?"

"पाण्यानं राग निवतो. ताकच पायजे."

मामा उठले. त्यांनी एक हात खिशात घातला, मान ताठ केली, आणि हुबेहूब अक्षयच्या आवाजात सुरू झाले. "ओ मामा, पिशवी उघडा. लोण्याची पाकिटं कमी भरायलीत. समद्यांच्या देखत उघडा, लाजायचं काय त्यात?" गच्चीवरच्या बायका फिसकन हसल्या. माझ्या अहवालात फक्त 'तपासणीस नकार' एवढंच होतं.

अक्षयनं आपली पिशवी छातीशी धरली. मामा भरात आले होते. त्यांनी ती ओढली आणि सतरंजीवर उपडी केली. पाण्याची बाटली पडली. ग्लुकोज बिस्किटांचे पुडे पडले. आणि इस्त्री करून घडी घातलेला एक शर्ट.

"ह्यो कशाला?" मामांनी स्वतःच्याच आवाजात विचारलं.

"त्या दिवसापास्नं सोबत ठेवतो," अक्षय म्हणाला.

गच्चीवर कुणी हसलं नाही. अण्णांनी तांब्या अक्षयच्या हातात दिला. "ओत आता." मामांनी टोपी काढली आणि डोकं पुढं केलं. "ओत लेका, हिशेब फिटू दे."

अक्षयनं तांब्या खाली ठेवला. "मला साहेबांनीच सांगितलं होतं. म्हणले, सगळ्यांत जुन्या माणसापासून सुरू कर, म्हणजे बाकीचे गुमान दाखवतील."

मॅनेजर साहेब अंगणातला लिंब निरखून बघू लागले.

"हौदाऽऽऽ?" अण्णा म्हणाले.

निकाल तिथंच झाला. बडतर्फी रद्द. पण घरी बसले तेवढ्या दिवसांचा पगार मामांना नाही, आणि ज्यांच्या देखत ताक ओतलं, त्यांच्याच देखत माफी मागायची. पिशव्या तपासायच्या तर आडोशाला, आणि सुरुवात मॅनेजरच्या पिशवीपासून. दुसऱ्या दिवशी साहेब मोकळ्या हातानंच कामावर आले. मामांनी माफी मागितली ती अशी: "शिवी माघारी घेतो. ताक काय घेता येत न्हाय." सगळ्यांत आधी अक्षयच हसला.

पण त्या दिवशी अण्णांच्या अंगणातून सगळे उठले, तेव्हाचं मला जास्त आठवतं. अक्षय पिशवी भरत होता. अण्णा त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"गाव कुठलं तुजं?"

"ईट. हितं स्टँडमागं रूम हाय."

"ताकाचं घरी सांगितलंस का?"

"न्हाय. आई म्हणली आसती, नोकरी सोड अन् ये."

अण्णांनी सतरंजीवर राहिलेला बिस्किटांचा पुडा उचलून त्याच्या पिशवीत टाकला. मग म्हणाले, "निकाल दिला. आता म्या लवाद न्हाय, तवा बोलायला हरकत न्हाय. बायको गेल्यापास्नं मला एकट्यापुरता सैपाक जमतच न्हाय. रोज उरतंय. जेवायला येत जा."

"उगं तुमाला तरास..."

"तरास तुलाच होईल. आमटी माज्या हातची आसती."

अक्षयनं माझ्याकडं बघितलं. मी 'जा' म्हणून मान हलवली. तो चप्पल काढून आत गेला.

मी फाइल गुंडाळून फाटकाशी आले. आतून अण्णांचा आवाज येत होता. ताट कुठल्या फळीवर आहे, पाट कुठं आहे, शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण कसं फिरवायचं, ती चटणी करायला बायकोनं कसं शिकवलं होतं, ती कशी हसायची. अक्षय नुसता "व्हय, व्हय" करत होता आणि अण्णा थांबतच नव्हते.