वाटाण्यांच्या हत्तीची सोंड

"चोर मला घाबरत नाहीत, आदरानं चोरी सोडतात," असं दाजी स्वतःबद्दल सांगत. त्यांच्या कार्डावर 'गुप्तहेर' हा शब्द इतक्या मोठ्या अक्षरांत छापला होता की गुप्त काही उरलंच नव्हतं. भिंगाची पिशवी धरायला सोबत मेहुणा असे. बहिणीचा संसार सुखाचा राहावा म्हणून अकरा वर्षं तो हे हमालीचं काम करत होता.

त्या सकाळी एका आर्किटेक्टसाहेबांनी दाजींना हॉलवर बोलावलं. भुकेल्यांसाठी डबाबंद अन्नाचे पुतळे उभारायची स्पर्धा होती. नंतर सगळे डबे मोफत जेवणाच्या स्वयंपाकघराला जायचे. साहेबांनी दोन हजार डब्यांचा हत्ती रचला होता. बाराला परीक्षक येणार आणि हत्तीची सोंडच गायब!

दाजींनी भिंग लावून हत्तीची मागची बाजू पाच मिनिटं तपासली.

"दाजी, सोंड पुढे असते," मेहुणा म्हणाला.

"चोराला वाटलं होतं मी तिथेच बघेन!"

मग संशय शेजारी डब्यांचं जहाज बांधणाऱ्या दंतवैद्यांवर गेला. "सोंडेत काय होतं? अननस? गोड! दात किडणार, यांचा दवाखाना चालणार!"

"वाटाणे होते," साहेब म्हणाले.

"मग भूकंप."

"फक्त सोंडेपुरता?" मेहुण्यानं विचारलं.

"छोटा होता." दाजींनी हत्तीच्या पोटाला कान लावला. "चोर आत आहे!" म्हणत त्यांनी एक डबा उपसला. हत्तीचा उजवा कान धडाधड कोसळला. साहेब घरंगळणाऱ्या डब्यांमागे धावले.

तेवढ्यात ढकलगाडी घेऊन मोफत स्वयंपाकघराची स्वयंपाकीण आली. "आणखी वाटाणे आहेत का हो?"

"म्हणजे सोंड तुम्ही...?" साहेबांनी विचारलं.

"सोंड कसली? हाताला आले ते डबे नेले. चुलीवर पाणी उकळत होतं, दारात दीडशे माणसं."

"बाई, ती कलाकृती होती!" साहेब ओरडले.

"असेल. पण आमटी पातळ झाली. आठ डबे द्या अजून."

मेहुण्याला आयुष्यात पहिल्यांदाच एखादा तपास पटला. पिशवी दाजींच्या गळ्यात अडकवून तो स्टुलावर चढला आणि हत्तीचं डोकं डब्याडब्यानं उतरवून गाडीत भरू लागला. गाडी ढकलत तो आणि स्वयंपाकीण दोघं निघूनही गेली.

बाराला परीक्षकबाई आल्या. बिनडोक हत्तीच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला दाजी ताठ उभे होते. बाईंनी तिघांना चष्म्यातून नीट न्याहाळलं.

"यातली कलाकृती कोणती?"