सगुणाचा कॉम्प्युटर रिव्हर्स घेत नाही

आमचा शेजारी सगुण कॉम्प्युटर चालू करण्याआधी त्याच्या पाया पडतो. थट्टा नाही करत मी. चपला दाराबाहेर काढतो, कॉम्प्युटरला हात लावून तो कपाळाला लावतो, मग बटण दाबतो. पडद्याला लिंबू-मिरची बांधलेली. चौकटीवर तांबड्या रंगात ‘आई सातेरी प्रसन्न’. आता मागे ‘हॉर्न प्लीज’ तेवढं का राहिलं, म्हणून विचारलं, तर म्हणतो कसा, "वयनी, फाटल्यान भिंतच आसा. वाचतलो कोण?"

डिचोलीजवळच्या आमच्या वाड्यावर आम्ही बोलतो कोंकणीत, भांडतो कोंकणीत आणि लिहायला बसलो की मराठीत. माझं ठीक आहे, पण सगुणाला काही मराठीत बसवता येत नाही. त्याचं बोलणं आपलं त्याच्याच तोंडचं ठेवते.

सगुण सुर्ल्याच्या खाणीवर स्वतःचा टिपर चालवायचा. लग्न केलं नाही. विचारलं की उत्तर तयार, "टिपर आनी बायल, दोगांक पोसूंक जमचें ना." मग खाणी बंद पडल्या. टिपर अंगणात उभ्या उभ्या गंजला आणि शेवटी भंगारात गेला. बायको तर नव्हतीच. अशा वेळी माणसानं दुसरं काही बघावं की नाही? शाळेच्या बसला ड्रायव्हर हवा होता. बसवाल्यानं आपणहून निरोप धाडला. सगुणाचं म्हणणं, "म्हजे हात गेल्यात. आदीं हात बसूं दी."

आणि हात बसवायचे कुठं, तर कॉम्प्युटरवर!

कुठल्याशा हपिसानं टाकलेला डबा त्यानं उचलून आणला. आईच्या शिवणयंत्रावर ठेवून त्याला वापरलेलं प्लॅस्टिकचं स्टिअरिंग जोडलं. खेळ ट्रक चालवायचा. माल भरायचा, परगावी न्यायचा आणि ट्रक मागे घेऊन गोदामाच्या दाराला नीट लावायचा, की ट्रीप पुरी. "एक ट्रीप पुरी जांव दी वयनी, फाल्यांच बसवाल्याक हय सांगतां." पन्नाशी उलटलेल्या बाप्याची नोकरी अडकली ती अशी, खेळातल्या एका ट्रीपवर.

ट्रीप काही पुरी होईना. मागे घेताना चित्र अडखळायचं आणि ट्रक भिंतीवर. सगुणानं निदान केलं, मशीन कमी पडतंय.

डिचोलीच्या बाजारात दुरुस्तीवाल्याकडे हा गेला तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभी. दुकानदारानं डबा फेकूनच द्यायला सांगितलं, "सगुणबाब, हो उडय आनी नवो घे."

"कित्याक? इंजिन बरें आसा. हौदो ल्हान आसा, तो व्हड कर."

हौदा म्हणजे रॅम. डिस्कला हा डिकी म्हणतो, पंख्याला रेडिएटर. दुकानदारानं कुणाच्या तरी मेलेल्या कॉम्प्युटरातली रॅमची पट्टी दिली. तिचे सोनेरी दात सगुण घरी खोडरबरानं घासत बसला. स्वतःचे घासताना एवढा वेळ लावत नाही.

मग म्हापशाहून जुनं ग्राफिक कार्ड आलं. ते डब्यात मावेना. दुसऱ्या कुणी कार्ड बदललं असतं, यानं करवतीनं डबा कापला. कार्ड बसलं, तर वीज पुरेना आणि डब्यानं धूर काढला. "ओव्हरलोड जालो," म्हणाला, कौतुकानं! मोठा पॉवर सप्लाय आणला, तोही वापरलेलाच. आता डबा उघडा, त्याच्यावर टेबलफॅन रोखलेला. सगुण स्वतः पंच्यानं घाम पुसतोय आणि वारं खातोय डबा.

यावर कडी केली ती खंडेनवमीला. त्या दिवशी गाडी धुऊन पूजा करायची हे त्याच्या हाडात भिनलेलं. यानं डबा उचलला, वायरी काढल्या आणि नेऊन धरला नळाखाली!

"अरे मेल्या!" मी माझ्या पडवीतून ओरडले.

"धुतल्याबगर पुजा कशी जातली, वयनी?"

पुढं कितीतरी दिवस डब्याच्या पोटातला हिरवा पत्रा, मदरबोर्ड म्हणतात तो, माझ्या दोरीवर, माझ्या लुगड्यांच्या शेजारी चिमट्याला लटकत होता. येणारी-जाणारी विचारायची, "वयनी, हें कितें सुकत घातलां?"

"सगुणाची अक्कल," मी म्हणायची.

अक्कल सुकली नाही, पत्रा मात्र सुकला. आणि नवल म्हणजे डबा चालू झाला. चित्र अडखळायचंही थांबलं. ट्रीप तरी पुरी व्हावी की नाही? नाव नको. सगुण आता आणखी मोठ्या कार्डाच्या शोधात.

तेवढ्यात बसवाला मला वाटेत भेटला. म्हणाला, "सोमवारसर वाट पळयतां. मागीर दुसरो सोदतां." सोमवारनंतर दुसरा ड्रायव्हर शोधणार! माझं डोकं फिरलं. वाटीत चणाडाळीचं गोड मणगणं घेतलं, कारण शिव्या द्यायला रिकाम्या हातानं जाऊ नये, आणि गेले.

सगुण खेळत होता. मी मागे उभी राहिले. खोटं कशाला बोलू, गाडी तुपासारखी चालली होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी वळणावर सिग्नल देत होता. गोदाम आलं. त्यानं रिव्हर्स टाकला आणि मान डावीकडे, खिडकीकडे वळवली. पडद्याकडे बघेचना! ट्रक धाडकन भिंतीवर.

"पळय. कार्ड कमी पडटा."

"कार्ड कसलं? तू बघत होतास कुठं? कोणाचं ऐकत होतास?"

"कोणाचें ना." मग स्टिअरिंग पंच्यानं पुसत म्हणाला, "बाबी बडयतालो."

बाबी त्याचा क्लीनर, दोडामार्गाकडचा. सगुण गाडी मागे घेताना बाबी खाली उतरून हौद्याची फळी बडवायचा आणि ओरडायचा. संध्याकाळी टिपर अंगणात लागायचा तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात भांडी हलायची. खाणी बंद झाल्या तसा बाबी गावी निघून गेला.

"फोन तरी करतोस का त्याला?"

"कितें सांगूं? टिपर भंगारांत घालो म्हूण?"

मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, "घे परत मागे."

"वयनी, तूं?"

"घे म्हणते ना!"

त्यानं मान डावीकडे वळवली. मी शिवणयंत्राच्या फळीवर थाप मारली. "येवं दी!" पुन्हा थाप. "येवं दी, येवं दी... दाव्यान काड... येवं दी..." माझा आवाज असा काही लागला की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. ट्रकची शेपूट दाराला टेकली तशी थांब म्हणून दोन्ही हातांनी फळी बडवली. "राव!"

पडद्यावर हिरवं काहीतरी चमकलं. ट्रीप पुरी.

सगुण हसला नाही. स्टिअरिंगवरचे हात त्यानं मांडीवर घेतले. पंखा घरघरत होता.

"बसवाल्याला काय सांगू?" मी विचारलं.

"वयनी, शाळेच्या बशीक क्लीनर आसता?"

"असते. बाईमाणूस आहे. तिला फळी बडवायला शिकवावं लागेल."

"शिकयतां," सगुण म्हणाला.