दगडूनानांचं तळं आणि राघूचा दम

एका जंगलात पाणी कमी आणि पाण्याची जाहिरात जास्त झाली होती. गप बसा आणि ऐका. आधी नाकं पुसा.

त्या जंगलात तिठ्यावर एक उंबर होता. उंबरावर राघू बसायचा. तहानलेलं जनावर यायचं, विचारायचं, "राघूदादा, पाणी कुठं?" मग राघू एकेका तळ्याचं नाव घ्यायचा आणि त्यापुढं दोन ओळी म्हणायचा. ओळी ज्याच्या त्यानं राघूला पाठ करून द्यायच्या. दोन ओळी झाल्या की राघूचा दम संपायचा. पुढचं राहिलं ते त्याच्या पोटात.

तुम्ही मोबाइलात काही शोधता तेव्हा नावाखाली दोन ओळी येतात बघा, तीच ही भानगड. शिकलेली माणसं तिला मेटा डिस्क्रिप्शन म्हणतात. नाव अवघड ठेवलं की काम अवघड वाटतं.

तर त्या जंगलात दगडूनाना नावाचं कासव होतं. त्यांचं तळं एक नंबर. पाणी असं की तळाचा खडा दिसावा. पण गाळ चढत चालला होता. गाळ काढायचे हत्ती, उन्हाळ्याच्या तोंडाला. त्यांचा नियम असा, की ज्या काठावर जास्त पावलं, तिथलाच गाळ काढायचा. पाणी चाखून बघायचं नाही. चाखायला जीभ लागते, पावलं मोजायला काही लागत नाही.

आणि नानांच्या काठावर एक पाऊल नव्हतं. का? नानांच्या ओळी ऐका.

"कैलासवासी आजोबांच्या पुण्याईनं, समस्त कासव परिवाराच्या आशीर्वादानं, जंगलभूषण, तळेमहर्षी दगडूनाना सहर्ष सादर करीत आहेत..."

इथं राघूचा दम संपायचा. पाणी हा शब्द चौथ्या ओळीत होता.

नानांची बायको भागाबाई म्हणाली, "अहो, आजोबांना कोण पिणार आहे? पाणी आधी सांगा."

"आजोबांच्या आधी पाणी? लोक काय म्हणतील?"

"लोक येतच नाहीत, म्हणणार कोण?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"मला एवढंच कळतं, यंदा गाळ निघाला नाही तर पिलं पाठीवर घेऊन मला माहेरी जावं लागेल. आणि माझं माहेर कधीच आटलंय."

नाना मान आत घेऊन बसले. कासवाला ती सोय असते.

पलीकडं रंभाबाई कोल्हिणीचा खड्डा होता. त्यात पाणी नव्हतं. चिखल होता, तोही नशिबानं. पण तिच्या ओळी बघा.

"तहान लागली? गार पाणी, गोड पाणी, वर दाट सावली. हे काय इथंच. गर्दी व्हायच्या आत या."

हरणं पळत गेली. चिखल बघितला, शिव्या दिल्या, परत आली. रानडुकरं तेवढी खूश झाली.

एक हरणी म्हणाली, "बाई, पाणी कुठाय?"

रंभाबाई म्हणाली, "तुम्ही आलात ना? आता तेही येईल."

मग हत्ती आले. मुकादम हत्तीनं नानांचा काठ बघितला. सारवल्यासारखा साफ. मग खड्ड्याचा काठ बघितला. जातानाची पावलं, येतानाची पावलं. आणि चिडून पाय आपटत गेलेल्याचं पाऊल तर चांगलं खोल.

"इथं फार ये-जा आहे," मुकादम म्हणाला.

"साहेब, ते सगळे तहानलेलेच परत गेले," नाना म्हणाले.

"पावलात तहान दिसत नाही, नाना."

हत्तींनी खड्डा खणला. नानांचं तळं गाळानं भरलं आणि वैशाखात आटलं.

तेव्हा कुठं नाना रंभाबाईकडं गेले. म्हणाले, "आमच्याही दोन ओळी करून द्या."

"आजोबांना काढावं लागेल."

"काढून कुठं ठेवू?"

"घरात ठेवा. राघूच्या तोंडात नको."

ओळी झाल्या. गार पाणी, गोड पाणी, तळाचा खडा दिसतो. भागाबाई म्हणाली, "अहो, पण आता पाणी कुठाय?"

"तुला त्यातलं कळत नाही."

दुसऱ्या दिवशी ही गर्दी. हरणं, ससे, नीलगाई. सगळ्यांनी भेगाळलेला तळ बघितला. खडा मात्र दिसत होता. नानांच्या आजोबांचा उद्धार करून सगळे परत गेले. नाना काठावर वाकून पावलं मोजत होते. डोळ्यांत आनंदाचं पाणी. तळ्यात तेवढंच पाणी.

भागाबाईनं पिलं पाठीवर घेतली आणि रंभाबाईच्या खड्ड्याकडं निघाली. हत्तींनी खणल्यावर तिथं खरंच पाणी लागलं होतं. गार आणि गोड. त्याचं सगळ्यात जास्त नवल रंभाबाईलाच वाटत होतं.

तात्पर्य: तळं खणायच्या आधी ओळी जुळवाव्या. त्या जमल्या तर खणायला दुसरे येतात. आणि चुकून आपल्याकडं खरंच पाणी असलं, तर निदान आजोबांना तरी घरात ठेवावं.