पाचातल्या दोन तिखट वड्या

गणितातल्या संभाव्यता या विषयात आमच्या सौंसर गावात माझा हात धरणारा कोणी नाही! बारावीच्या पोरांना मी तो झोपेतही शिकवू शकतो. पोरं तर झोपेतच शिकतात.

त्या रविवारी पांढुर्ण्याहून भगवंतराव आमचं घर पाहायला आले. सोबत त्यांची पुतणी रूपाली. आमची दोघांची पसंती झालेली, फक्त काकांचा होकार अडलेला. आईनं कोथिंबिरीचं सारण भरून सांभारवड्या तळायला घेतल्या. पाच तळून झाल्या आणि गॅस संपला! त्यातल्या दोन बापूजींच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या आवडीच्या. भिवापुरी मिरची ठासून भरलेल्या! ताटलीत काढताना सगळ्या एकत्र झाल्या.

"अक्षय, आता तिखट कोणत्या रे याच्यात?" आई घाबरली. "फोडून पाहू का?"

"पाहुण्यापुढं फुटक्या वड्या ठेवतं का कोणी? थांब, मी हिसाब करून राहिलो न! काका दोन वड्या खातीन. दोन्ही तिखट निघाची शक्यता दहात एक!"

"अन् एखादी तरी निघाची?"

"दहात... सात," मी जरा हळूच म्हणालो आणि ताटली घेऊन बाहेर सटकलो.

भगवंतरावांनी पहिली वडी अख्खीच तोंडात टाकली. चेहरा टमाटरासारखा लाल! डोळ्यांतून धारा! पण परक्या घरी बोलणार कसं? बापूजींना वाटलं, पुतणी सासरी जाणार म्हणून माणूस गहिवरला.

"रडू नका, भगवंतराव!" बापूजींनी त्यांचे दोन्ही हात धरले. "लेकीवानी ठेवू आम्ही तिले!"

भगवंतराव जोरजोरात मान हलवू लागले.

"भरवसा नाही का आमच्यावर?" म्हणत बापूजीही रडायला लागले!

माझं डोकं मात्र शांत होतं. आता चार वड्यांत तिखट एकच! मी दुसरी उचलून पाहुण्यांच्या तोंडात दिली. "काका, ही खा, बरं वाटीन. चारातल्या तीन साध्या आहेत!"

ती चौथी निघाली.

भगवंतराव उठले ते थेट अंगणात. झाडांना पाणी द्यायचा पाइप त्यांनी तोंडातच धरला. मागे साखरेचा डबा घेऊन आई, तिच्या मागे डोळे पुसत बापूजी. सगळ्यात शेवटी मी, ताटली घेऊन!

"काका, आता बिनधास्त खा! उरलेल्या तिन्ही साध्याच! शंभर टक्के!"

काकांच्या तोंडातला पाइप खाली पडला. नुसतं पाणी वाहत होतं.

रूपालीनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाले माहीत होतं?"

असला प्रश्न बोर्डाच्या परीक्षेत कधी येत नाही. मी ताटली पाठीमागे लपवली.

भगवंतराव जाताना चकार शब्द बोलले नाहीत. जीभच सुजली होती! पुढे कितीतरी दिवस मी मोबाइल उशाशी घेऊन झोपलो. शेवटी पांढुर्ण्याहून फोन आला. होकार! रूपालीच अडून बसली होती म्हणे. "या माणसाच्या पोटात काहीच राहत नाही," तिनं काकांना सांगितलं, "असा नवरा सांभाळाले सोपा!"

ते कौतुक समजून मी अख्ख्या वर्गाला पेढे वाटले. त्याचा अर्थ नंतर आईनं समजावून सांगितला!